झोपेची नोकरी

हातोडी गादीतून निघाली हे कुणीच नाकारत नव्हतं. वाद एवढाच होता, की काका त्या हातोडीवर झोपले कसे.

आणि हा सगळा वाद कुजबुजत चालला होता, कारण काका तिथेच होते. परीक्षा-खोलीच्या मधोमध एका कोऱ्या गादीवर, पोटावर हात जुळवून आणि डोळे मिटून ते कामावर होते. त्यांच्या उशाशी धाकटा उभा होता, पायथ्याशी धाकट्याची बायको, खिडकीला टेकून थोरलीची वकील लेक, आणि कुणी आत येऊ नये म्हणून दाराला पाठ लावून स्वतः थोरली.

"हॉटेलातला पाहुणा रात्री त्या गादीवर पडला तो सकाळी वाकडाच उठला," धाकटा दबक्या आवाजात म्हणाला.

"वाकडा म्हणजे किती वाकडा?" लेकीनं विचारलं. वकिली सुरू केल्यापासून तिला प्रत्येक शब्दाचं माप लागायचं.

"त्याला पँट घालायला वेटर बोलवावा लागला! पुरे का एवढं? गादी फाडली, तर आत आपली हातोडी. दांड्यावर आपल्या कारखान्याचा शिक्का. आणि गादीच्या कोपऱ्यात काकांचा शेरा. काय? तर म्हणे, उत्तम!"

शेवटचा शब्द जरा जोरात गेला. चौघांनीही दचकून काकांकडे पाहिलं. काकांची पापणीसुद्धा हलली नाही.

या घरात गाद्या विकल्या जात होत्या त्या काकांच्या झोपेच्या जोरावर. काका लहानपणापासून कमालीचे झोपाळू. जेवताना झोपायचे, शाळेत झोपायचे, एकदा तर पोहायला शिकताना झोपले होते. घरातल्या सगळ्यांनी हात टेकले, तेव्हा आजोबांनी, म्हणजे काकांच्या वडिलांनी, नुकत्याच काढलेल्या गादी-कारखान्यात पोराच्या या दुर्गुणालाच नोकरी दिली. प्रत्येक नव्या खेपेतली एक गादी काकांनी झोपून बघायची. ते उठून 'उत्तम' म्हणाले तर त्या गादीवर तसा शेरा पडून माल बाहेर जायचा, आणि त्यांनी नाक मुरडलं तर सगळी खेप परत उसवायची. तरुणपणी काकांचं नाक फार मुरडायचं. अलीकडे मात्र बरीच वर्षं सगळंच उत्तम चाललं होतं.

आजोबांनी आणखी दोन नियम घालून दिले होते. पहिला, घरातला कुठलाही निर्णय सगळ्या भागीदारांच्या हजेरीत घ्यायचा. काका भागीदार होते आणि दिवसभर या खोलीत आडवे असायचे, त्यामुळे घरातल्या बैठका इथेच, त्यांच्या गादीभोवती व्हायला लागल्या. नवी इमारत बांधायचं इथेच ठरलं. धाकट्याचं लग्न इथेच जमलं आणि थोरलीचं इथेच मोडलं. सगळं कुजबुजत. परक्या माणसाला वाटलं असतं, की हे लोक रोज कुणाच्या तरी मरणाची वाट बघत उभे असतात.

दुसरा नियम असा, की वय झालं म्हणून कारखान्यातल्या एकाही माणसाला काढायचं नाही. हा नियम थोरलीनं प्राणपणानं पाळला होता. कापणीतल्या बाबांचे हात थरथरायचे आणि शिलाईतल्या आजींना सुईचं नाक दिसायचं नाही. फाटकावरच्या रखवालदाराला ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याच्या शेजारी ऐकणारा एक माणूस बसवला होता. पण सगळे कामावर होते. थोरलीला याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

"मी सरळ सांगतो," धाकटा म्हणाला, "काकांना आता घरी बसवायचं. यंत्र आणू. रबराचा माणूस असतो, तो गादीवर पडतो आणि आकडे देतो."

"वयामुळे काढता येणार नाही," लेक म्हणाली. "कायदाही नाही म्हणतो आणि आपला नियमही."

"वयामुळे कोण काढतंय? कामावर झोपतात म्हणून काढू."

"मामा, झोपणं हेच त्यांचं काम आहे."

"मग काम नीट करत नाहीत म्हणून काढू."

"नीट करत नाहीत म्हणजे काय? झोपत नाहीत का?"

"झोपतात की! तोच तर त्रास आहे!"

"म्हणजे काम फारच चोख करतात म्हणून काढायचं. हे मी न्यायाधीशासमोर कुठल्या तोंडानं सांगू?"

धाकट्यानं कपाळाला हात लावला. त्याची बायको इतका वेळ गप्प होती. ती घरातली सगळ्यात व्यवहारी बाई, आणि गप्प असली की काहीतरी शिजतंय असं समजावं.

"आपण त्यांना बढती देऊ या," ती म्हणाली. "मुख्य परीक्षक करू. मुख्य माणूस स्वतः काम थोडंच करतो? ते घरी बसतील, पगार चालू राहील, आणि झोपायला माझ्या भावाला घेऊ. तोही छान झोपतो."

"तुझा भाऊ झोपतो हे आम्हाला माहीत आहे," धाकटा म्हणाला. "लग्नात तुझ्या पाठवणीला उठवावं लागलं होतं त्याला."

"म्हणजे अनुभव आहेच ना!"

नवरा-बायकोचं असं फाटलं की एरवी थोरलीला बरं वाटायचं. आज वाटलं नाही. हॉटेलची खरेदी बघणारी बाई दुपारी येणार होती, आणि कारखान्याचा निम्मा माल त्याच हॉटेलात जायचा. ती बाई म्हणेल ते करावं लागणार, आणि ती काय म्हणेल हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. काकांना जावं लागणार होतं. आणि ते त्यांना सांगायचं कुणी, यावर मात्र चौघांत एकमत होतं. सांगायचं थोरलीनं. आईवडील गेल्यावर तिला आणि धाकट्याला काकांनीच वाढवलं होतं. त्यांनी लग्नसुद्धा केलं नाही. लोक म्हणायचे आळशीपणानं केलं नाही, पण थोरलीला कारण माहीत होतं. शाळेतून आल्यावर ती याच खोलीत येऊन काकांच्या शेजारी गादीवर लोळत अभ्यास करायची. अशा माणसाला उद्यापासून येऊ नका म्हणायचं, हे तिच्या जिवावर आलं होतं.

दुपारी खरेदीवाली बाई आली. ती एवढीशी, चष्मेवाली आणि दमलेल्या चेहऱ्याची होती, पण नाकावर माशी बसू देत नव्हती. तिनं पर्समधून ती हातोडी काढली आणि बोलत असताना हातात फिरवत राहिली. त्यामुळे तिचं सगळंच म्हणणं फार पटत होतं.

"तुमच्या जाहिरातीत लिहिलंय, आमच्याकडे नाना मुलखांतली, नाना भाषा बोलणारी माणसं काम करतात. खरं आहे?"

"अगदी खरं," धाकटा छाती फुगवून म्हणाला.

"मग झोपतो एकटाच माणूस कसा? तोही एवढा वयस्कर? माझ्या हॉटेलात उंच माणसं उतरतात, जाडी उतरतात, पोटावर झोपणारी उतरतात. एका म्हाताऱ्याच्या पाठीला बरं वाटलं ते सगळ्या जगाला बरं वाटेल, हे कुणी ठरवलं?"

हा प्रश्न ऐकून वकील लेकीचे डोळे चमकले. "मी सकाळपासून हेच सांगतेय," ती म्हणाली. सकाळपासून ती वेगळंच सांगत होती, पण वकील पक्ष बदलताना मागे वळून बघत नाहीत. "झोपेत सगळ्यांना वाटा मिळायला हवा. सगळ्या विभागांतली, सगळ्या वयांची, सगळीकडची माणसं झोपली पाहिजेत. काकाआजोबाही त्यांतले एक. मग त्यांना काढायचा प्रश्नच उरत नाही."

"चालेल," बाई म्हणाली. "आत्ताच बघू. ही हातोडी एका गादीत परत शिवा. कुठल्या, ते मला आणि शिवणारीलाच माहीत असेल. ज्याला त्या गादीवर झोप लागणार नाही, तो खरा परीक्षक. आणि कुणालाच टोचली नाही, तर आपला करार संपला."

थोरलीला हायसं वाटलं. काका त्या गादीवर येण्याची शक्यता कमी होती, म्हणजे सांगण्याची वेळ आज तरी टळली. स्वतःच्या या भित्रेपणाची तिला लाजही वाटली, पण हायसं वाटायचं काही थांबलं नाही.

हातोडी शिवायचं काम रातराणीकडे दिलं. रातराणी म्हणजे शिलाईतली एक बाई. तिचं खरं नाव घरातल्या कुणालाच नीट उच्चारता येत नव्हतं. ती फार लांबून आली होती आणि आल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, म्हणून बायकांनी तिला हे नाव ठेवलं होतं. तिनं आतल्या खोलीत दार लावून हातोडी शिवली, आणि मग सगळ्या गाद्या परीक्षा-खोलीत आणून मांडल्या.

आता माणसं निवडायची होती, आणि इथे घोडं अडलं. कापणीतून एक माणूस आला, तो म्हणाला मी बसूनच झोपतो, आमच्याकडे सगळे बसूनच झोपतात. त्याला भिंतीकडची गादी दिली. भरणी-विभागातला एक पैलवानासारखा गडी पालथा झोपायचा आणि त्याला कुणाच्याही पायांकडे डोकं चालत नव्हतं, म्हणून सगळ्या गाद्या फिरवाव्या लागल्या. शिलाईतल्या बायका म्हणाल्या, परक्या पुरुषांसमोर आम्ही डोळे मिटणार नाही. मध्ये पडदा लागला. मग पडद्याच्या कुठल्या बाजूला वारा जास्त येतो, यावरून दोन मुलखांतल्या लोकांची जुंपली. ते आपापल्या भाषेत भांडत होते, तरी दोघांचंही सगळ्यांना कळत होतं. शिलाईतल्या आजींनी जाहीर केलं, की एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी झोपायला सांगितलं नव्हतं, आता मी आधी झोपणार. त्या पहिल्या गादीवर जाऊन पडल्यासुद्धा.

"सगळ्यांना सारखी उशी द्या," लेक फिरून फिरून सांगत होती. "कुणाला वाटता कामा नये, की आपल्याला कमी लेखलं."

"मला उशी नको," बसून झोपणारा म्हणाला.

"तुम्हीही घ्या. मांडीवर ठेवा. समान वागणूक आहे ही."

काका या सगळ्या गोंधळात तसेच पडून होते. त्यांना हलवायचं धाडस कुणाला झालं नाही. मग त्यांना चादरीसकट उचललं, त्यांच्याखालची गादी हळूच काढून दुसरी सरकवली आणि परत ठेवलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. खरेदीवाली बाई बघत राहिली.

"हे जिवंत आहेत ना?" तिनं विचारलं.

"कामात आहेत," थोरली म्हणाली.

बाईनं खूण केली. सगळ्यांनी डोळे मिटले. धाकट्याची पैज अशी, की निम्म्या लोकांना झोप लागणारच नाही, उजेड आहे, परकी जागा आहे, शेजारी साहेब उभा आहे. त्यानं अजून वाक्य पुरं केलं नव्हतं, तोच पैलवान घोरायला लागला. मग बसून झोपणाऱ्याची मान पडली. पडद्यापलीकडच्या बायका, आपसांत भांडलेले दोघे, फाटकावर ऐकणारा तो माणूस, असे एकामागून एक सगळे पडले, दिवा विझावा तसे. बघता बघता खोलीत वीसेक माणसं गाढ झोपली होती. एकानंही कूस बदलली नाही. एकाचीही भुवई आकसली नाही. हातोडी कुणाच्या तरी पाठीखाली होती आणि ती कुणालाच टोचत नव्हती.

फक्त रातराणी आपल्या गादीवर बसून होती, गुडघे पोटाशी घेऊन.

बाई खोलीतून एक चक्कर मारून आली. आता ती चिडलेली नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. "ही माणसं शेवटची झोपली कधी?" तिनं हळूच विचारलं.

धाकट्यानं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं लेकीकडे पाहिलं. उत्तर दिलं ते रातराणीनं.

"आपलं काम संपलं की कापणीतल्या बाबांचं काम करतात," ती म्हणाली. "बाबांचे हात चालत नाहीत ना. ते झालं की आजींच्या वाटच्या शिवणी. मग घरी. कुणाकुणाला घरून परत दुसऱ्या कामाला जायचं असतं. ती हातोडी अशीच राहिली असेल आत. भरताना कुणाचा तरी डोळा लागला असेल."

"मला कुणी सांगितलं का नाही?" थोरलीनं विचारलं.

"जबरदस्ती कुणी केली नाही, ताई. पण आम्ही नाही म्हटलं असतं, तर बाबांना काढलं असतं. आणि तुम्ही सगळ्यांना सांगता, इथे म्हाताऱ्या माणसाला कुणी काढत नाही. मग कसं नाही म्हणायचं?"

कुणीतरी तोंडात मारावी तसं थोरलीला झालं. इतकी वर्षं दया तिची होती आणि राबत होते हे. तिनं म्हाताऱ्यांना सांभाळलं होतं, ते या लोकांच्या झोपेवर. आजोबांचा नियम पाळल्याचा अभिमान तिला आतून जाळायला लागला.

"मला जरा विचार करू द्या," बाई म्हणाली आणि एका रिकाम्या गादीच्या कडेला टेकली. तिनं चष्मा काढला. "सकाळपासून तिसरा कारखाना आहे माझा," ती म्हणाली, आणि विचार करता करता आडवी झाली. हॉटेलवालीसुद्धा माणूसच. तिच्यापाठोपाठ धाकट्याची बायको "मी नुसती पाठ टेकते" म्हणाली, आणि तिला उठवायला गेलेला धाकटा तिच्याच शेजारी आडवा झाला. लेक तेवढी कायद्याचं पुस्तक उघडून बसली होती. मग तेही तिच्या तोंडावर आलं.

खोलीभर घोरण्याचा आवाज चालू होता. थोरली माणसं ओलांडत ओलांडत काकांच्या गादीशी गेली. सांगायचं तर आता. नियम जुना झाला होता, आणि आधी आपल्या माणसाला सांगितल्याशिवाय बाबांना आणि आजींना सांगायचा तिला काय अधिकार होता? ती गुडघा धरून खाली बसली आणि तिनं काकांकडे पाहिलं.

काकांचे डोळे उघडे होते.

"काका! जाग आली?"

"झोपलोच नव्हतो," काका कुजबुजले.

"आज?"

"आज नाही, काल नाही. साठी उलटली तेव्हापासून दिवसा झोप येत नाही गं मला. रात्रीही येत नाही. पहिल्यांदा वाटलं, गादी वाईट असेल. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्याच गाद्या वाईट कशा असतील? दोष गादीत की माझ्यात, हेच कळेना. म्हणून ठरवलं, डोळे मिटून पडायचं आणि सगळ्यांना उत्तम म्हणायचं."

मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे आमच्या बैठका...?"

"सगळ्या ऐकल्या." काका छताकडे बघत होते. "धाकट्याला या कारखान्याचं काही कळत नाही हेही ऐकलं आणि त्यालाच नवा विभाग दिलात हेही ऐकलं. तुझ्या नवऱ्याचं ऐकलं. त्या दिवशी सगळे गेल्यावर तू एकटी इथे बसून रडलीस. मला वाटलं उठावं, तुला जवळ घ्यावं. पण उठलो असतो तर कळलं असतं, की मी जागा आहे. भ्यालो. नोकरीपायी भ्यालो बघ. फार वाईट वाटतं त्याचं."

थोरलीला रडू आलं. राग आला की माया, ते तिचं तिलाच कळलं नाही. दोन्ही असावं.

"आणि ती हातोडी?" तिनं नाक पुसत विचारलं.

"टोचत होतं काहीतरी. पण या वयात काय टोचत नाही? मला वाटलं, माझंच हाड असेल."

तिला एकदम हसू फुटलं आणि तिनं तोंडावर पदर धरला. काकाही हसले, आवाज न करता, पोट हलवून. हसता हसता ती त्यांच्या शेजारी उरलेल्या जागेत कलंडली, शाळेतून आल्यावर कलंडायची तशी.

"आता बोल," काका म्हणाले. "तू काहीतरी सांगायला आलीस."

"हो."

"मग सांग."

"काका," थोरली म्हणाली. पाठ गादीला लागल्यावर तिला जाणवलं, की पाठ नावाची गोष्ट आपल्याला आहे आणि ती कित्येक वर्षं कुठे टेकलेली नाही. तिनं शब्द जुळवायला डोळे मिटले. "काका, तुम्ही उद्यापासून..."

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. कमरेत कळ मारत होती. शेजारची जागा रिकामी होती आणि तिच्या अंगावर कुणीतरी चादर घातली होती. सगळे अजून झोपलेले होते. रातराणी तेवढी गुडघे पोटाशी घेऊन तशीच बसली होती.

"काका कुठेत?"

"घरी गेले. म्हणाले, तुम्हाला उठवायचं नाही."

थोरली कमरेला हात लावून उठायला लागली आणि कळवळली.

"हातोडी त्याच गादीत आहे," रातराणी म्हणाली. "तुम्हाला झोप लागल्यावर काकांना सांगितलं मी. ते इतके हसले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, म्हणजे हाड माझं नव्हतं तर. आणखी म्हणाले, ताईचं वाक्य अर्धं राहिलंय. ती उठली की सांग, बाकीचं मला कळलं."

थोरली चपला न घालताच बाहेर धावली. धावली म्हणजे, त्या कमरेनं जमेल तेवढं. फाटकावर रखवालदाराला तिनं विचारलं, काका कुणीकडे गेले. त्याला ऐकू आलं नाही, आणि त्याच्या वतीनं ऐकणारा माणूस आत झोपला होता. तिनं हातवारे केले, तेव्हा त्यानं कोपऱ्यावरच्या बसथांब्याकडे बोट दाखवलं. सगळ्या रस्ताभर ती मनात एकच गोष्ट घोकत होती. ती चिडून म्हणणार होती, की मी वाक्य पुरं केलं नव्हतं, तुम्ही मनानं कसं पुरं केलंत? आणि हेही तिला पक्कं ठाऊक होतं, की पुरं केलं असतं तर ते तसंच झालं असतं.

थांब्यावर लोखंडी बाक होता, मधली एक पट्टी निघालेला. समोरून ट्रक चालले होते आणि पलीकडे कुणीतरी लोखंड कापत होतं. बाकाच्या टोकाला काका बसले होते. हात मांडीवर मोकळे पडलेले, मान मागच्या खांबाला टेकलेली, तोंड उघडं. ते घोरत होते. घर्र घर्र असं आडदांड, बेशिस्त घोरणं, मध्येच एक शीळ आणि पुन्हा घर्र घर्र. थोरलीला हा आवाज ओळखू यायला क्षणभर लागला. लहानपणी भिंतीपलीकडून तो यायचा आणि तो ऐकत ती झोपायची. परीक्षा-खोलीत तो गेली कित्येक वर्षं आलेला नव्हता, आणि ते तिच्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

ती हळूच त्यांच्या शेजारी बसली. "उद्यापासून येऊ नका," तिनं सांगून टाकलं. काका घोरत राहिले. तिचे डोळे भरून वाहायला लागले आणि तिनं ते पुसले नाहीत.

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग आणखी एक लांबलचक दिला. काकांची शीळ जराशी चुकली आणि परत लागली.

"बाई, ही शेवटच्या आधीची बस आहे," ड्रायव्हर ओरडून म्हणाला. "आजोबांना उठवा की!"

"नको हो," थोरली म्हणाली. "खरंच झोपलेत ते."